बोटी परत यायच्या वेळी

परकारचाचा माझ्या केबिनच्या दारात उभे होते. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोक्याला लोकरीची टोपी आणि पायांत चक्क बूट.

"उठ जना. गाव बघायला जाऊ," ते म्हणाले.

मला वाटलं, थट्टा करतायत. इस्माईल परकार म्हणजे आमच्या जहाजाचे सारंग, डेकवरच्या सगळ्या खलाशांचे मुकादम. राहणारे बाणकोटचे. उभा जन्म दर्यावर गेला, पण जहाज बंदराला लागलं की हा माणूस खाली उतरायचा तो फक्त घरी फोन करायला, आणि फोन झाला की लगेच वर. गुडघे धरलेले होते. आम्ही पोरं नटूनथटून निघालो की ते हसायचे. म्हणायचे, सगळी गावं सारखीच रे, एक पाहिलं की सगळी पाहिली.

माझी दुपारपर्यंत गँगवेवर, म्हणजे जहाजाच्या जिन्यावर, ड्यूटी होती. तसं मी सांगितलं तर म्हणाले, ती बदलली, दुसरा उभा राहील, कप्तानसाहेबांना विचारलंय. मग मी काय, दोन मिनिटांत तयार झालो. पंचविशीतला होतो. फ्रान्स नुसता नकाशात बघितलेला.

पश्चिम आफ्रिकेतून लाकडाचे ओंडके घेऊन आमचं जहाज आदल्या रात्री दक्षिण फ्रान्सच्या या बंदराला लागलं होतं. गावाचं नाव सेत. जहाजावरचे आम्ही दोघेच मराठी बोलणारे, आणि आमच्या तोंडी ते शेतच झालं होतं. मार्सेलिसचं नाव निदान ऐकलेलं असतं. सेतचं नाव आमच्यातल्या कुणी ऐकलं नव्हतं.

गोदीच्या फाटकातून बाहेर पडलो तेव्हा ऊन लख्ख होतं आणि वारा असा, की चाचांना टोपी धरून चालावं लागत होतं. ऑक्टोबर संपत आला होता. एक पूल ओलांडला आणि गाव सुरू झालं. म्हणजे गाव कसलं, पाण्यातच बसवलेली घरं. मधोमध रुंद कालवा, दोन्ही काठांना पिवळ्या, गुलाबी, निळ्या रंगाच्या उंच इमारती आणि त्यांच्या दारात बांधलेल्या बोटी. आपल्याकडे दारात सायकली असतात तशा. एका काठावर लाल आणि निळ्या रंगाच्या लांबट होड्या होत्या, मागच्या टोकाला शिडीसारखं काहीतरी वर चढत गेलेलं. जवळच जाळी शिवत बसलेल्या म्हाताऱ्याला मी खुणेनं विचारलं. त्यानं काखेत भाला धरल्याचा आव आणला, समोरच्याला ढकलल्यासारखं केलं आणि तो पाण्यात पडला असं हातानं दाखवलं. म्हणजे खेळ. शिडीवर उभं राहून एकमेकांना पाण्यात पाडायचं. मी हसलो. हरेशला सांगायला हवं, असं चाचांना म्हणालो.

चाचा त्या म्हाताऱ्याच्या जाळ्याकडे बघत राहिले.

हरेश्वर माझा धाकटा भाऊ. आमचं गाव पाजपंढरी, हर्णैच्या बंदराला लागून. आमचं सगळं कोळीवाडाच. हरेश गावातल्या एकाच्या बोटीवर जायचा आणि इंजिन तोच सांभाळायचा. त्या आठवड्यात त्याला मुलीकडचे बघायला येणार होते. त्यामुळे मला सकाळपासून एकच घाई होती, फोन करायची. मोबाईल तेव्हा नव्हते. गावात मच्छीमार सोसायटीच्या कचेरीत एक फोन होता, आणि तिकडे जाऊन कुणी आमच्या घरच्या माणसाला बोलावून आणलं तर बोलणं व्हायचं.

पहिली फोनची काचपेटी दिसली तसा मी थांबलो. चाचा म्हणाले, आत्ता नको, आत्ता तिकडे सगळी कामावर असतील. मला ते पटलं. पुढे आणखी एक दिसली तेव्हा म्हणाले, कार्ड घ्यावं लागतं, ते मिळतं त्या दुकानाला कुलूप होतं. दुकान तर आम्ही मघाशीच उघडं पाहिलं होतं. मी तसं बोललो, तर म्हणाले, "संध्याकाळी कर. मीपण करणार आहे. दोघं मिळून करू. आधी ती टेकडी बघू."

टेकडी. ज्या माणसाला जहाजाचा जिना उतरताना कठडा धरावा लागायचा, तो मला टेकडी चढायला घेऊन चालला होता.

त्याआधी आम्ही बाजारात गेलो. छताखालचा बाजार, मासळीचे गाळे, आणि बायका अशा ओरडत होत्या, की डोळे मिटले तर हर्णैच. तिथं एक गोल, लाल, कचोरीसारखा पदार्थ मिळतो. आत माकुल मासळीसारखं काहीतरी घातलेलं आणि टोमॅटोचा तिखटसर रस्सा. चाचांनी दोन घेतल्या. माझी खाऊन झाली तरी त्यांची कागदात तशीच. भूक नाही म्हणाले आणि आपली मला दिली. ती मी चालता चालता संपवली.

टेकडीच्या वाटेला अरुंद गल्ल्या आणि पायऱ्याच पायऱ्या. खिडक्यांतून वाळत घातलेले कपडे वाऱ्यानं फडफडत होते. चाचा थोडं चढायचे, भिंतीला टेकायचे, पुन्हा चढायचे. दोनदा मी म्हणालो, चला मागे फिरू, तर ऐकेनात. एका वळणावर खाली समुद्राच्या अंगाला पांढऱ्या थडग्यांची मोठी दफनभूमी दिसली. पायरीपायरीनं थेट समुद्राकडे उतरत गेलेली, मध्ये सुरूची झाडं. मी म्हणालो, काय सुंदर जागा आहे, तिथून जाऊ, जवळ पडेल.

"तिकडनं नको," चाचा म्हणाले. एवढं झटकन म्हणाले की मी त्यांच्याकडे पाहिलं. मग मऊ आवाजात, "ऊन आहे तिथं. इकडनं सावली आहे." आणि लांबची वाट धरली.

वर पोचलो तेव्हा त्यांचा श्वास फुलला होता. पण वरून जे दिसलं ते मी विसरलेलो नाही. एका बाजूला निळाशार समुद्र, आणि पाठ फिरवली की दुसऱ्या बाजूला खाडीसारखं मोठं तळं, त्यात कालवांच्या, म्हणजे शिंपल्यांच्या, शेतीसाठी ओळीनं रोवलेले खांब. मधल्या चिंचोळ्या पट्टीवर गाव. आमचं जहाज खाली गोदीत काडेपेटीएवढं दिसत होतं. मी जहाज शोधून चाचांना दाखवत होतो आणि ते मात्र समुद्राकडे बघत होते. वाऱ्यानं पाणी पांढरं पांढरं फुटत होतं.

"वारं फार आहे," ते स्वतःशीच म्हणाले.

"आपल्याला काय त्याचं. आपण तर बांधलेले," मी म्हणालो.

तिथं एक छोटं चर्च आहे. मी आत डोकावलो. भिंतींवर छतापर्यंत चित्रं रंगवलेली होती. एकात बोट होती आणि किनाऱ्यावर उभ्या बायका. मेणबत्त्या जळत होत्या. मी बघून बाहेर आलो आणि कठड्यावर बसलो. बराच वेळ झाला तरी चाचा येईनात, म्हणून पुन्हा आत गेलो. ते मागच्या बाकावर बसले होते. टोपी डोक्यावर, दोन्ही हात ओंजळीसारखे वर धरलेले. डोळे मिटून ओठ हलत होते. पाचही वेळेची नमाज न चुकवणारा माणूस, चर्चमध्ये बसून दुवा मागत होता. मी गपचूप बाहेर आलो. वाटलं, त्यांच्या घरी काही झालं असेल. बायकोचं दुखणं असेल. त्यांना विचारावं की नाही ते मला कळेना. म्हाताऱ्या माणसाला कसं विचारायचं. म्हणून नाही विचारलं. उतरताना मात्र त्यांचा हात धरला.

खाली आल्यावर पुन्हा कालवा, पुन्हा पूल, मग दीपस्तंभ असलेला एक लांब धक्का. तिथवर गेलो आणि परत आलो. मला दमायला झालं होतं. चाचा सारखे घड्याळ बघत होते आणि तरीही, आता तिकडे जाऊ, आता तो रस्ता बघू, असं चालूच. मी जरा चिडलोच. म्हणालो, "चाचा, बास झालं. फोन करू आणि जहाजावर जाऊ."

"थोडं थांब. पाच वाजू देत."

"पाच वाजता काय आहे?"

"बोटी येतात म्हणे. बघून जाऊ."

हे मात्र खरं होतं. मासेमारीच्या बोटी परत यायची तीच वेळ. कालव्याच्या तोंडाशी, लिलावाच्या जागेजवळ माणसं जमली होती. बायका, पोरं, हातात पिशव्या घेतलेली म्हातारी माणसं. धक्क्याच्या टोकापलीकडे आधी पक्षी दिसले, हजारो, पांढऱ्या ढगासारखे. मग त्यांच्याखाली पहिली बोट. मग तिच्यामागं दुसरी. निळ्या, पांढऱ्या, गंजलेल्या, आपल्या ट्रॉलरांपेक्षा मोठ्या, पण डेकवरची माणसं आपल्यासारखीच, पिवळ्या रबरी कपड्यांत, चेहरे मिठानं रापलेले. एकानं धक्क्यावरच्या आपल्या पोरीला हात केला. ती उड्या मारायला लागली.

माझा सगळा शीण गेला. मी चाचांना सांगत सुटलो की आमच्याकडे पण असंच, बोटी लागल्या की गाव सगळं वाळूत, आणि हरेश तर नेहमी इंजिनाच्या खोलीतून काळा होऊन वर येतो आणि आई त्याला ओळखत नाही असं दाखवते. म्हणालो, "आता तिकडे रात्र झाली असेल. जेवून झोपला असेल."

चाचांनी माझं मनगट धरलं.

"जना, बस इथं."

दोर बांधायच्या लोखंडी खुंटावर त्यांनी मला बसवलं. स्वतः उभेच राहिले.

"हरेशची बोट परत आलेली नाही."

मला वाक्य ऐकू आलं, अर्थ लागला नाही. मी म्हणालो, कुठली बोट.

मग त्यांनी सांगितलं. खाली बघून, शाळेत पाठ म्हटल्यासारखं. मुंबईच्या ऑफिसातून सकाळी जहाजावर निरोप आला होता. चार दिवसांपूर्वी वारा उठला. बरोबर गेलेल्या बाकीच्या बोटी कशाबशा दाभोळच्या, जयगडच्या खाडीत शिरल्या. ही एक नाही. तटरक्षक दलाचं विमान फिरतंय. कप्तानसाहेबांनी चाचांना बोलावून सांगितलं, पाच वाजेपर्यंत दुसरा निरोप येईल, कदाचित चांगलाच येईल, तोवर पोराला सांगू नका, बाहेर घेऊन जा. कंपनीचा इथला एजंट पाच वाजता ती बातमी घेऊन याच धक्क्यावर येणार होता.

"आला का तो?" मी विचारलं.

"मघाशीच आला. तू बोटी बघत होतास. लांबूनच मान हलवून गेला. काहीच नवीन नाही."

"सकाळपासून तुम्हाला माहीत होतं."

"होतं."

"आणि तुम्ही मला खाऊ घालत होता. टेकड्या दाखवत होता."

"जहाजावर बसून काय केलं असतंस रे?" त्यांचा आवाज फाटला. "मी तरी काय केलं असतं? चालता येत होतं, म्हणून चालवलं तुला."

मी त्यांना समजावायला लागलो. हे विचित्रच, पण तसंच झालं. इंजिन बंद पडलं असेल, मी म्हणालो, आणि इंजिनाला तर हरेश आहे, तो उघडून बसला असेल, नांगर टाकला असेल, पाणी असतं बोटीत, बर्फ असतो, बर्फ वितळवून पितात. चाचा प्रत्येक वाक्याला हो म्हणत होते. आमच्या पुढ्यात मासळीच्या पेट्या उतरत होत्या. पेट्या ओढणाऱ्या एकानं बाजूला व्हा म्हणून ओरडून सांगितलं आणि आम्ही बाजूला झालो.

फोनची पेटी जवळच होती. कार्ड चाचांच्या खिशात होतं, सकाळपासून. आकडे त्यांनीच दाबले.

एका घंटीत फोन उचलला गेला. तेव्हाच मला समजलं. एरवी त्या फोनला कुणी हात लावायला पंधरा मिनिटं लागायची. आज सगळा वाडा कचेरीतच बसलेला होता. सोसायटीचे सेक्रेटरी पावसे बोलत होते. त्यांनी सांगितलं की माझे वडील शोधायला गेलेल्या बोटींबरोबर गेलेत. अजून काही कळलं नाही. सगळे प्रयत्न चालू आहेत. मग म्हणाले, तुझी आई इथंच आहे, देतो.

माझी आई आयुष्यात कधी फोनवर बोलली नव्हती. आजवरच्या माझ्या फोनला वडील यायचे नाही तर हरेश. ती लांबून कुणाला हाक मारावी तशी ओरडून बोलली.

"जना? ऐकतोस?"

"ऐकतोय आये."

"हरेश नाय आला रे अजून."

"कळलं मला."

"जना, तू पण दर्यावरच हायस ना?"

मी हो म्हणालो.

"मग बघ ना जरा. तुझं जहाज येवढं मोठं हाय. उंचावरून दिसंल."

मी काचेतून बाहेर बघत होतो. चाचा पेटीच्या दाराला पाठ लावून उभे होते, वारा आत येऊ नये म्हणून.

तिला काय सांगायचं होतं? की हा समुद्र वेगळा, तो वेगळा? की मध्ये आख्खे देश आहेत, आणि मी तर समुद्रावरही नाही, एका गावात उभा आहे, दिवसभर कालवे आणि टेकड्या बघतोय? ती कोळ्याची बायको, कोळ्याची मुलगी. दर्या काय असतो ते तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. तरी ती मला हे सांगत होती.

"बघतो आये," मी म्हणालो.

"बघ. सायबाला पण सांग तुझ्या. सगळ्यांनी बघा."

"हो. सांगतो."

त्यानंतरही फोन तिच्या हातातच होता. मला कचेरीतली कुजबुज ऐकू येत होती, कुणाचं तरी लहान मूल रडत होतं आणि पंखा घरघरत होता. फोनच्या पडद्यावरचे कार्डाचे आकडे कमी होत होत संपले आणि लाइन तुटली.

परत जाताना कालव्यावरचा पूल उघडला. मधला भाग वर उचलला गेला आणि फाटक पडलं. एक उशिरा आलेली बोट आत जायची होती. आम्ही फाटकाला धरून उभे राहिलो. ती इतकी सावकाश गेली. डेकवर दोघं जण सिगारेट ओढत होते, सुकाणूवरच्यानं आमच्याकडे बघून मान डोलावली. मी चाचांना म्हणालो, बघा, उशीर होतो कधी कधी. ते हो म्हणाले.

जहाजावर कप्तानसाहेब वाट बघत होते. चांगला माणूस होता. मला खुर्ची दिली. मी म्हणालो, मला घरी जायचंय. ते म्हणाले की माझ्या जागी माणूस आल्याशिवाय मला उतरवता येत नाही, ऑफिसला कळवलंय, बहुतेक पुढच्या बंदरात होईल. मग मी त्यांना म्हणालो, "सर, आपल्या रेडिओवरून तिकडच्या जहाजांना सांगता येईल का, बघा म्हणून?" ते म्हणाले, तिकडच्या सगळ्या जहाजांना इशारा गेलेला आहे. आपला आवाज तिथवर पोचत नाही.

तरी मी चाचांना घेऊन रेडिओच्या खोलीत गेलो आणि बराच वेळ त्या यंत्रासमोर बसलो. रेडिओ ऑफिसरनं आम्हाला बसू दिलं.

मी घरी पोचलो तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. आमच्या वाडीत त्या वर्षी पणती लागली नव्हती. शोध थांबवला होता. देवगडच्या बाजूला डिझेलचा एक कॅन वाहत आला होता, त्यावर बोटीचं नाव होतं. बाकी काही नाही. फळकूटसुद्धा नाही. वडील शोधून आले ते पुन्हा बोटीवर चढले नाहीत. मुलीकडचे एकदा येऊन, बसून, चहा न घेता गेले.

मी ठरवलं होतं, आता जहाज नाही. हर्णैला बर्फाच्या कारखान्यात काम बघितलं. आईला तसं सांगितलंही. ती ऐकून घ्यायची. मला वाटलं, तिच्याही मनात हेच असणार, दुसरा मुलगा कोण दर्यावर धाडील.

चार महिन्यांनी कंपनीचं बोलावणं आलं. मी नाही म्हणून कळवणार होतो. संध्याकाळी घरी आलो तर आईनं माझी बॅग काढून, पुसून ओटीवर ठेवली होती. आत कपडे घडी करून भरलेले.

"आये, मी जाणार नाही," मी म्हणालो.

"तू हितं बसून काय करशील?" ती म्हणाली. "तिकडं दर्यावर आपलं कोणतरी नको?"

ती बॅगेची चेन लावत होती, अर्ध्यात अडकत होती.

"मीच भरली बॅग. जा तू," ती म्हणाली.

मी गेलो. पुढे एकवीस वर्षं जात राहिलो. परकारचाचा लवकरच निवृत्त झाले. मी एकदा बाणकोटला त्यांना भेटायला गेलो तेव्हा ते अंगणात खाटेवर होते, चालणं पूर्ण बंद झालं होतं. सेतबद्दल आम्ही दोघंही बोललो नाही. निघताना त्यांनी माझं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

आईनं मला कधी काही विचारलं नाही. मी सफर संपवून आलो की पायावर पाणी घालायची, आणि मग एकदा माझ्या तोंडाकडे बघायची. मी नाही म्हणून मान हलवायचो. मग ती जेवायला वाढायची. शेवटच्या वर्षी तिला नीट दिसत नव्हतं, तेव्हा तिनं हातानं माझा चेहरा चाचपला. मी मान हलवली ती तिला तळव्याला कळली.

तिचं समाधान व्हावं म्हणून मी हे करत होतो असं माझी बायको म्हणते. तसं नव्हतं. पहाऱ्याला उभा असलो की मी बघायचो. अरबी समुद्रात असो, नाही तर दुसरीकडे कुठंही. पाण्यावर काही काळं हललं, की दुर्बीण डोळ्यांना लावायचो.